अहमदाबादची वारसा फेरी

अहमदाबादच्या तटबंदीतील जुन्या शहरातून मार्गदर्शकाबरोबर पायी करावयाची फेरी. ‘हेरिटेज वॉक’ या नावानेच ती अधिक परिचित आहे. महानगरपालिकेने १९९६ मध्ये वारसा कक्ष स्थापन केल्यानंतर, वास्तुविशारद देबाशिष नायक यांच्या पुढाकाराने व क्रुटा फाउंडेशन या संवर्धनसंस्थेच्या साहाय्याने १९ नोव्हेंबर १९९७ रोजी तिचा प्रारंभ झाला. स्थानिक स्वराज्य संस्थेने चालविलेल्या अशा भारतातील आरंभीच्या उपक्रमांत तिची गणना होते.

फेरी सकाळी काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघते आणि जामा मशिदीपाशी संपते. मंदिराची प्रतिष्ठापना १८२२ मधील असून मशीद पहिल्या अहमदशाहाने १४२४ मध्ये पूर्ण केली. त्यामुळे स्थूलमानाने पाहता वाट इतिहासात मागे मागे जाते, असे म्हणता येते. मधल्या टप्प्यांना मात्र हा क्रम लागू पडत नाही. लांबेश्वरनी पोळ येथील कवी दलपतराम (१८२०–९८) यांचे स्मारक, हाजा पटेलनी पोळ, दोशीवाडानी पोळ, अष्टापदजीचे जैन मंदिर, हरकुंवर शेठाणींची हवेली, माणेक चौक आणि राणीचा व बादशाहाचा हजिरा (राजघराण्यातील व्यक्तींच्या कबरींची आवारे) ही त्यांपैकी काही ठिकाणे होत.

पोळ म्हणजे एका दरवाज्याच्या आत वसलेली, बहुधा एका जातीची वा धंद्याची वस्ती. विटांच्या भिंतींत लाकडी पट्ट्या गुंफून बांधलेली येथील घरे चौकाभोवती उभी असतात. काही हवेल्यांच्या चौकाखाली पावसाच्या पाण्याचे टांके असते. पहिल्या सरींचे पाणी सोडून देऊन त्यानंतरचे गच्चीवरून नळाने खाली उतरवीत, आणि फरशीतील झाकण उघडून ते वर्षभर पिण्यासाठी काढीत. पोळीच्या चौकात एकाच खांबावर उभारलेला नक्षीदार चबुतरा पक्ष्यांना दाणे घालण्यासाठी असतो.

पोळींच्या उत्पत्तीविषयी एकमत नाही. एका मतानुसार मोगल सुभेदार व गायकवाड यांच्या संयुक्त अंमलाच्या काळात, म्हणजे साधारणतः १७३८ ते १७५३ च्या दरम्यान, दंगे व लुटालूट यांपासून संरक्षण म्हणून त्या निर्माण झाल्या. उलटपक्षी, माणेक चौकाजवळची मुहूर्त पोळ ही सर्वांत जुनी असून ती नगरस्थापनेच्या (१४११) सुमाराची आहे, असे परंपरा सांगते. या परंपरेला समकालीन पुराव्याचा भक्कम आधार नाही. तथापि जात व धंदा यांनुसार वेगळ्या आळ्या करून राहण्याची रीत पश्चिम भारतातील नगरांत अठराव्या शतकाच्या बरीच आधीची आहे, हे लक्षात घेता वस्ती आधीची आणि दरवाजे, पहारा व गुप्त वाटा यांची पक्की व्यवस्था नंतरची, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. आज दिसणाऱ्या घरांवरून या वादाचा निर्णय होत नाही, कारण लाकडी बांधकाम वारंवार जळत व नव्याने उभे राहत आले असून उरलेली घरे बहुतांशी अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील आहेत.

रघुनाथराव व दमाजी गायकवाड यांनी १७५३ मध्ये शहर घेतले. १७५६ मध्ये ते खंबायतचा नवाब दुसरा मोमीनखान याने परत मिळविले आणि १७५८ पासून इंग्रजी अंमल येईपर्यंत, म्हणजे सुमारे १८१७-१८ पर्यंत, पेशवे व गायकवाड यांच्यात त्याची वाटणी राहिली. पोळींतील काही घरांच्या लाकडी खांबांवर व हस्तांवर (छताला वा सज्ज्याला आधार देणाऱ्या तिरकस लाकडांवर) मराठाकालीन वळण दिसते, असे अभ्यासक नमूद करतात. या सत्तेची सर्वांत ठळक वास्तू असलेली रायखडची गायकवाड हवेली मात्र फेरीच्या वाटेवर नाही. मराठी वाचकाला ही उणीव जाणवावी, पण काळुपूर ते माणेक चौक ही वाट धरल्यावर नैर्ऋत्येकडचा तो कोपरा सकाळच्या दोन-अडीच तासांत बसविणे कठीणच होते. ही हवेली दीर्घकाळ पोलीस खात्याच्या वापरात आहे.

युनेस्कोने जुलै २०१७ मध्ये अहमदाबादला जागतिक वारसा शहराचा दर्जा दिला. हा मान मिळालेले ते भारतातील पहिले शहर होय. फेरीतील बहुतेक घरे खासगी मालकीची व राहती असल्याने चौक आणि टांकी पाहणे घरमालकाच्या अनुमतीवर अवलंबून असते.