आउट्रम, खाज्या नाईक आणि शूर कोणाला म्हणायचं हा जुना ख्रिस्ती प्रश्न

एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानात लढलेल्या इंग्रज ख्रिस्ती सेनानींचा विषय निघाला की जेम्स आउट्रम आणि हेन्री हॅवलॉक ही नावं जोडीनं येतात. त्यातला आउट्रम खानदेशात घडला. नवापूर-नंदुरबारकडच्या भिल्ल, मावची घरांतून मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आलेल्या आम्हा लोकांसाठी म्हणूनच हा विषय दूरचा नाही. ज्याला ख्रिस्ती वीर म्हणतात, तो आमच्या पूर्वजांना काबूत आणायला आला होता.

शूर कोणाला म्हणायचं हा प्रश्न मात्र इंग्रजांच्याही फार आधीचा आहे. जुन्या करारात यहोशवा आहे, ३०० माणसांनिशी लढणारा गिदोन आहे, दावीद आहे. पण त्याच दावीदाला परमेश्वर मंदिर बांधू देत नाही, कारण त्यानं फार रक्त सांडलेलं असतं (पहिले इतिहास २२:८). विजयाची स्तोत्रं गाताना हे वचन आपण फारसं वाचत नाही, आणि ते वाचलं पाहिजे असं मला ठामपणे वाटतं. नव्या करारात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे शिपाई येतात. तो त्यांना नोकरी सोडायला सांगत नाही. लोकांना लुबाडू नका, खोटे आरोप करू नका, पगारात समाधान माना, एवढंच सांगतो. रोमी सैन्यातला कर्नेल्य शताधिपती, म्हणजे शंभर शिपायांवरचा अधिकारी, म्हणूनच विश्वासात येतो.

पहिल्या तीन शतकांत मंडळीनं ज्या सैनिकांची आठवण जपली, त्यांत लढाई जिंकलेले कमी आणि शस्त्र नाकारलेले जास्त. २९५ साली उत्तर आफ्रिकेत मॅक्सिमिलियन या तरुणानं भरती नाकारली आणि त्याचा शिरच्छेद झाला. ३१२ मध्ये ख्रिस्ती देवाचं नाव घेत रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन जिंकला आणि चित्र पालटलं. पुढे ऑगस्टीननं न्याय्य युद्धाचा विचार मांडला. १०९५ नंतरच्या धर्मयुद्धांत तर तलवारीलाच आशीर्वाद मिळू लागला.

खानदेशात हे सगळं १८१८ मध्ये येऊन थडकलं. फेब्रुवारीत, मराठ्यांविरुद्धच्या युद्धात, इंग्रज सेनापती सर थॉमस हिस्लॉपच्या फौजेनं तापीकाठचं थाळनेर घेतलं, आतली शिबंदी कापून काढली आणि किल्लेदाराला फाशी दिलं. पुढच्या वर्षी ब्रिटिश संसदेनं युद्धातल्या फौजांचे आभार मानले, पण या फाशीला ती संमती समजू नये असं बजावून. त्या काळी सगळेच असं वागत, ही सबब म्हणूनच टिकत नाही. त्यांच्याच लोकांना ते खटकलं होतं.

आउट्रम १८२५ मध्ये आला तेव्हा २२ वर्षांचा होता. सुरुवात त्यानं भिल्लांवरच्या हल्ल्यानंच केली. मग त्यांच्याच वस्त्यांत जाऊन राहिला, त्यांच्यासोबत वाघाच्या शिकारी केल्या आणि त्यांच्यातूनच भिल्ल पलटण उभी केली. तिचं ठाणं धरणगावला होतं. पुढे सिंध बळकावण्याला त्यानं विरोध केला आणि त्या लुटीतला आपला वाटा स्वतःसाठी न ठेवता धर्मादाय कामांना दिला. १८५७ मध्ये लखनौच्या वाटेवर हुद्द्यानं वरचा असूनही त्यानं सेनापतिपद हॅवलॉककडेच राहू दिलं आणि स्वतः साधा स्वयंसेवक म्हणून लढला. हातात आलेलं सोडून देणं, हा त्याचा गुण मला खरोखर ख्रिस्ती वाटतो.

हॅवलॉक बॅप्टिस्ट, बंगालमधल्या श्रीरामपूरच्या मिशनरी मार्शमन यांचा जावई. शिपायांसोबत प्रार्थना आणि बायबलवाचन करणारा. नोव्हेंबर १८५७ मध्ये तो आजारपणात वारला आणि इंग्लंडात जवळजवळ संत ठरला. पण त्याच मोहिमेत कानपूरला नील या इंग्रज अधिकाऱ्यानं देवाचं नाव घेत कैद्यांना फाशीआधी तिथे मारल्या गेलेल्या इंग्रज बायकामुलांचं रक्त पुसायला लावलं. दोघांची उपासना एकाच देवाची. नुसत्या भक्तीवरून वीर ठरवता येत नाही, हे इथेच कळतं.

आणि खाज्या नाईक? सेंधवा घाटाच्या राखणीवर इंग्रजांनीच नेमलेला हा भिल्ल नायक १८५७ मध्ये उलटला. ११ एप्रिल १८५८ ला सातपुड्यात आंबापाणीला लढाई झाली, आणि नंतर पकडलेल्या अनेक भिल्लांना गोळ्या घालण्यात आल्या. तो ख्रिस्ती नव्हता. तरी आपल्या माणसांसाठी उभा राहिलेला माणूस म्हणून त्याचं नाव आमच्या मंडळ्यांत आदरानं घेतलं जावं. यात विश्वासाला बाध येत नाही. कफर्णहूमचा शताधिपतीही परका, रोमी सत्तेचा माणूस होता, आणि येशूनं त्याचा विश्वास इस्राएलापेक्षा मोठा म्हटला.

विसाव्या शतकात या विषयाला दोन वेगळी टोकं मिळाली. अमेरिकेच्या डेसमंड डॉसनं बंदूक हाती घ्यायला नकार दिला आणि १९४५ मध्ये ओकिनावाच्या कड्यावरून डझनावारी जखमी सैनिक खाली उतरवले. झारखंडचा आदिवासी ख्रिस्ती जवान लान्स नायक अल्बर्ट एक्का डिसेंबर १९७१ मध्ये तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या गंगासागरच्या लढाईत शत्रूच्या मशीनगनवर धावून गेला आणि शहीद झाला. त्याला मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. एकानं शस्त्र धरलं, दुसऱ्यानं नाकारलं, आणि दोघांनीही सोबत्यांसाठी आपला जीव पुढे केला. रविवारच्या शाळेत आमच्या मुलांना आउट्रमच्या आधी एक्का सांगावा असं मला वाटतं, आणि आउट्रम सांगताना थाळनेर आणि आंबापाणीही सांगावं.