आक्रमक बुरशीसंसर्गाचे निदान

फुप्फुस, मेंदू, यकृत, डोळ्याची खोबण किंवा रक्तप्रवाह अशा एरवी बुरशीपासून सुरक्षित असलेल्या जागी बुरशी (कवक) शिरून ऊतींचा नाश करू लागली, की त्याला आक्रमक बुरशीसंसर्ग म्हणतात. गजकर्णासारखे त्वचेचे वरवरचे विकार यात मोडत नाहीत. या नोंदीत प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांमध्ये हा संसर्ग कसा ओळखतात, याचा विचार केला आहे.

बुरशीचे बीजाणू हवेतून सगळ्यांच्याच श्वासात जातात आणि धडधाकट माणसाच्या पांढऱ्या पेशी त्यांचा निकाल लावतात. रक्ताच्या कर्करोगासाठी केमो घेणारे, अस्थिमज्जा किंवा मूत्रपिंड रोपण झालेले, दीर्घकाळ स्टेरॉइडवर असलेले, एचआयव्हीबाधित आणि साखर आटोक्यात नसलेले मधुमेही यांच्यात हे संरक्षण दुबळे झालेले असते. निदानाची खरी अडचणही इथेच आहे. ताप, सूज, पू ही शरीराने दिलेल्या लढ्याची चिन्हे. लढणाऱ्या पेशीच नसतील, तर आजार आत पसरत राहतो आणि बाहेर फारसे काही दिसत नाही. म्हणून शंका लवकर घेणे ही निदानाची पहिली पायरी ठरते. कर्करोगाच्या वॉर्डात ‘काउंट पडले’ म्हणतात ती अवस्था, म्हणजे न्यूट्रोफिल या लढणाऱ्या पांढऱ्या पेशी दर मायक्रोलिटरला ५०० च्या खाली जाऊन दहाएक दिवस तिथेच राहणे, सर्वांत धोक्याची. अशा रुग्णाचा ताप प्रभावी प्रतिजैविके चार दिवस देऊनही उतरला नाही, तर बुरशीचा शोध सुरू करावा लागतो.

छातीचा साधा एक्स-रे या टप्प्यावर पुष्कळदा निर्दोष दिसतो, त्यामुळे सिटी स्कॅन लागतो. ॲस्परजिलस ही बुरशी रक्तवाहिन्यांत घुसते. तिने धरलेल्या गाठीभोवती रक्तस्राव होऊन, चंद्राला खळे पडावे तसे धूसर कडे दिसते. हे खळे सुरुवातीच्या दिवसांतले असते आणि आठवडाभरात विरत जाते. पुढे पांढऱ्या पेशी परत येऊ लागल्या की मेलेला भाग सुटून गाठीत हवेची चंद्रकोर उमटते. ती स्पष्ट दिसली तरी उशिराचे चिन्ह आहे. तिची वाट पाहत उपचार लांबवू नयेत. आत धूसर आणि बाहेर घट्ट कडे असे उलटे खळे दिसले, तर म्युकर या दुसऱ्या बुरशीची शंका बळावते. मात्र यांपैकी कोणतेही चित्र एकट्याने पुरावा होत नाही.

पुरावा म्हणजे ऊतीचा तुकडा. त्यावर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून काचपट्टी थोडा वेळ ठेवली, की माणसाच्या पेशी विरघळतात आणि कायटिन व ग्लुकानची भिंत असलेले बुरशीचे तंतू तेवढे शिल्लक राहतात. कॅल्कोफ्लोर व्हाइट हे रंगद्रव्य सोबत वापरले, तर फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शकाखाली ते अंधारात उजळून निघतात. ॲस्परजिलसचे तंतू बारीक, आडपडदे असलेले, साधारण ४५ अंशांत फुटणारे. म्युकरचे तंतू रुंद, फितीसारखे दुमडलेले, पडदे जवळजवळ नसलेले, फांद्या काटकोनाकडे झुकलेल्या. या फरकावर औषध ठरते: व्होरिकोनाझोल ॲस्परजिलसवर पहिल्या पसंतीच्या औषधांत आहे, म्युकरवर ते चालत नाही, तिथे ॲम्फोटेरिसिन बी लागते. अर्ध्या-एक तासात आणि नाममात्र खर्चात हाती येणाऱ्या या तपासणीइतकी मोलाची दुसरी तपासणी या क्षेत्रात नाही. तिलाही मर्यादा आहे. फ्युजारियमसारख्या बुरशी सूक्ष्मदर्शकाखाली ॲस्परजिलससारख्याच दिसतात, म्हणून कल्चरही (प्रयोगशाळेत पोषक माध्यमावर बुरशी वाढवून पाहणे) लावावेच लागते.

इथे एक चूक वारंवार होते. शस्त्रक्रियागृहातून निघालेला तुकडा सवयीने अख्खाच्या अख्खा फॉर्मालिनच्या बाटलीत जातो. पॅथॉलॉजीला तो चालतो, पण फॉर्मालिनने बुरशी मरते आणि कल्चरमध्ये काहीही उगवत नाही. तुकड्याचे दोन भाग करून एक फॉर्मालिनमध्ये आणि दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये लगेच प्रयोगशाळेत पाठवला पाहिजे. प्रयोगशाळेनेही म्युकरची शंका असलेला तुकडा कुटू नये. त्याचे तंतू नाजूक असतात, चुरडले की मरतात. त्यामुळे पात्याने बारीक काप करून ते माध्यमावर ठेवतात. या दोन गोष्टींना एक पैसाही जादा लागत नाही.

पण रक्ताच्या कर्करोगात प्लेटलेटही घसरलेल्या असतात आणि तुकडा काढताना रक्तस्रावाची भीती असते. अशा वेळी बुरशीच्या भिंतीतून सुटणारे घटक शोधतात. गॅलॅक्टोमॅनन हा ॲस्परजिलसचा घटक रक्तात किंवा ब्रॉन्कोस्कोपीत फुप्फुस धुऊन घेतलेल्या द्रावात मोजतात. काउंट पडलेल्या रुग्णात रक्ताची ही चाचणी उपयोगी पडते. काउंट ठीक असलेल्यात किंवा आधीच प्रतिबंधक बुरशीरोधक सुरू असलेल्यात ती आजार असूनही नकारात्मक येऊ शकते आणि फुप्फुसातल्या द्रावावर जास्त भिस्त ठेवावी लागते. बीटा-डी-ग्लुकान अनेक बुरशींत सापडते, फुप्फुसाला ग्रासणाऱ्या न्यूमोसिस्टिसमध्येही, पण म्युकरमध्ये आणि मेंदूज्वर घडवणाऱ्या क्रिप्टोकॉकस या बुरशीत ही चाचणी भरवशाची नाही. डायलिसिसचे काही पडदे, शिरेतून दिलेले इम्युनोग्लोब्युलिन, शस्त्रक्रियेतील गॉज यांमुळेही ती खोटी वाढते. ती नकारात्मक आली तर कँडिडा या यीस्ट प्रकारच्या बुरशीची शक्यता बरीच कमी होते, हा तिचा खरा उपयोग. बुरशीचा डीएनए शोधणाऱ्या पीसीआर चाचणीचे महत्त्वही वाढत आहे.

रक्तात कँडिडा असल्याची शंका असेल तर ब्लड कल्चर घेतात, पण आक्रमक कँडिडासंसर्गाच्या जवळपास निम्म्या रुग्णांत ते कोरे येते. उगवलेल्या कँडिडाची जात ओळखणेही गरजेचे. २००९ मध्ये जपानमध्ये एका रुग्णाच्या कानातून प्रथम वर्णिलेली कँडिडा ऑरिस अनेक औषधांना दाद देत नाही, आणि काही स्वयंचलित यंत्रे तिला दुसरीच कँडिडा समजत असत. प्रथिनांच्या ठशावरून जात ओळखणाऱ्या माल्डी-टॉफ तंत्राने ती नेमकी ओळखता येते.

महाराष्ट्राला या निदानाची निकड २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत कळली. स्टेरॉइड आणि वाढलेली साखर एकत्र आली आणि म्युकरमायकोसिसचे, म्हणजे म्युकरच्या संसर्गाचे, रुग्ण राज्यभर दाखल होऊ लागले. मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने हा आजार साथरोग कायद्याखाली अधिसूचित करण्यास राज्यांना सांगितले. ‘काळी बुरशी’ हे नाव तेव्हाच घरोघरी पोहोचले. वास्तविक ही बुरशी काळी नसते. तिने रक्तवाहिनी बुजवली की मरणारी ऊती काळी पडते. तो काळेपणा उशिरा येतो, आधी नाकातील त्वचा फक्त फिकट किंवा सामान्यही दिसते. एका बाजूचा गाल बधिर होणे, दात हलू लागणे, डोळ्याची पापणी उतरणे, एकाचे दोन दिसणे या तक्रारी घेऊन रुग्ण दंतवैद्याकडे किंवा डोळ्यांच्या डॉक्टरकडे आधी जात. म्युकरसाठी विश्वासार्ह रक्तचाचणी नसल्याने नाकात दुर्बीण घालून तुकडा घेणे आणि त्याच दिवशी काचपट्टी पाहणे हाच मार्ग होता.

संशोधनासाठी निदानाच्या तीन पायऱ्या मानतात: सिद्ध, संभाव्य आणि शक्य. ऊतीत तंतू दिसले किंवा एरवी निर्जंतुक असलेल्या जागेतून बुरशी वाढली तर सिद्ध. रुग्णाची जोखीम, स्कॅनवरील खुणा आणि प्रयोगशाळेचा पुरावा जुळला तर संभाव्य. प्रयोगशाळेचा पुरावा नसेल तर शक्य. ही व्याख्या २००२ मध्ये आली आणि २००८ व २०२० मध्ये सुधारली गेली. ती औषधांच्या चाचण्यांसाठी आहे. खाटेवरच्या रुग्णाला ‘शक्य’ पातळीवरही औषध द्यावे लागते.

भारतात आणखी एक गुंता आहे तो क्षयाचा. फुप्फुसात डाग, वजन उतरलेले, थुंकीत जंतू नाहीत, अशा रुग्णाला क्षयाची औषधे सुरू होतात आणि बुरशीवरच्या उपचाराचे महिने वाया जातात. उपचाराने फरक पडत नसेल तर तुकडा पुन्हा तपासावा. एचआयव्हीमध्ये क्रिप्टोकॉकसच्या मेंदूज्वराबाबत मात्र चित्र आशादायक आहे. बोटाच्या थेंबभर रक्तावर पट्टीने बुरशीचे प्रतिजन (तिच्या आवरणाचा अंश) तपासता येते, निकाल दहा मिनिटांत मिळतो, आणि डोकेदुखी सुरू होण्याच्या काही आठवडे आधीही हे प्रतिजन रक्तात सापडू शकते. सीडी-४ पेशी (एचआयव्ही ज्यांचा नाश करतो त्या संरक्षक पेशी) दर मायक्रोलिटरला १०० पेक्षा कमी असलेल्यांची ही तपासणी करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.