जीव टांगणीला, पण किती दिवस?

मे महिन्यात नागपुरात दुपारी सिनेमाला जायची दोन कारणं असतात आणि त्यातलं सिनेमा हे दुसरं. पहिलं कारण एसी. गेल्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या आसपास रेंगाळत असताना भाच्याला घेऊन मी बर्डीवर सिनेमा पाहायला गेलो. पावणेतीन तास धुमाकूळ झाला. शेवटी नायक पुलाच्या कठड्यावरून घसरला, हातातल्या दोरीचा एकेक पीळ तुटू लागला आणि पडदा काळा झाला. मग मोठ्या अक्षरांत ‘भाग दुसरा लवकरच’.

दोन सेकंद शांतता. मग मागच्या रांगेतून आवाज आला, “बस? एवढंच होतं काय बे?”

“थांबा न मामा, शेवटी अजून काही दाखवतीन,” भाचा म्हणाला. आम्ही पाट्या संपेपर्यंत बसलो. त्यानंतर फक्त झाडू घेतलेला एक माणूस आला.

मला राग आला होता, पण नक्की कशाचा ते कळेना. गोष्ट पुढे चालू राहणार याचा तर नव्हता. आमच्या घरी रात्रीच्या मालिकांचे भाग कुणाच्या तरी चेहऱ्यावर तीनदा झूम करून अर्धवटच संपतात, तेव्हा कुणी रिमोट फेकत नाही. मासिकांमधल्या कादंबऱ्या तर ‘क्रमशः’ या एका शब्दावर जगल्या. हरिभाऊ आपट्यांनी 1890 साली ‘करमणूक’ काढलं, तेव्हापासून मराठी वाचक आठवडाभर थांबायला शिकलेला आहे. मग सिनेमाने तेच केलं तर फसवल्यासारखं का वाटतं?

अशा शेवटाला इंग्रजीतून आलेला शब्द आहे क्लिफहँगर, म्हणजे कड्याला लटकलेला. थॉमस हार्डीच्या 1873 सालच्या एका कादंबरीत एक पात्र खरोखरच समुद्रकड्याला लोंबकळत राहतं, तिथून हा शब्द आला असं सांगतात. मराठीत आपण जीव टांगणीला लागला म्हणतो, आणि मला आपला शब्द जास्त नेमका वाटतो. कड्याला लटकतो तो नायक. टांगणीला लागतो तो बघणाऱ्याचा जीव. मानसशास्त्राला या दुसऱ्या माणसातच रस आहे.

या विषयावर काहीही वाचायला घेतलं की पहिल्या पानावर ब्लूमा झायगार्निक भेटतात. 1920च्या दशकात त्या बर्लिनमध्ये मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांच्याकडे संशोधन करत होत्या. कॅफेतल्या वेटरला बिल न झालेल्या टेबलांची ऑर्डर तोंडपाठ असते आणि पैसे मिळाले की तीच ऑर्डर तो साफ विसरतो, या निरीक्षणातून सगळं सुरू झालं, अशी कथा आहे. आपल्याकडे तर्री-पोह्याच्या ठेल्यावर हे रोज दिसतं. सकाळी आठच्या गर्दीत कुणी दोन प्लेट घेतल्या, कुणी तर्री जास्त मागितली, सगळं त्याच्या डोक्यात असतं. हिशेब झाला की तुम्ही त्याच्यासाठी नाहीसे होता. झायगार्निक यांनी लोकांना मणी ओवणं, कोडी सोडवणं, मातीच्या आकृत्या करणं अशी छोटी छोटी कामं दिली. त्यातली निम्मी मध्येच थांबवली. नंतर काय काय केलं ते आठवायला सांगितलं, तेव्हा अर्धवट सुटलेली कामं पुऱ्या झालेल्या कामांच्या जवळजवळ दुप्पट प्रमाणात आठवली. हे संशोधन 1927 साली छापून आलं आणि आजवर मालिका लिहिणाऱ्यांपासून जाहिरातवाल्यांपर्यंत सगळ्यांनी त्याचा आधार घेतला आहे: गोष्ट अर्धवट सोडा, लोक विसरणार नाहीत.

पण हा आधार डळमळीत आहे. नंतरच्या कित्येक संशोधकांनी तोच प्रयोग करून पाहिला. कुणाला तसाच निकाल मिळाला, कुणाला उलटा. 2025 मध्ये या सगळ्या प्रयोगांचे आकडे एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा अर्धवट काम जास्त लक्षात राहतं असा कुठलाही सर्वसाधारण नियम निघाला नाही.

त्याच तपासणीत दुसरी एक गोष्ट मात्र टिकली. लेविन यांच्याच गटातल्या मारिया ओव्स्यांकिना यांनी 1928 मध्ये थोडा वेगळा प्रश्न विचारला होता. काम मध्येच थांबवलं आणि मग माणसाला मोकळं सोडलं, ना बक्षीस, ना आग्रह, तर तो काय करतो? बहुतेक जण परत त्याच कामाकडे वळले. अर्धवट गोष्ट आठवते की नाही याची खात्री नाही, पण ती समोर असली की हात तिच्याकडे जातो. झायगार्निक यांचं नाव जगभर झालं. ज्यांचा निष्कर्ष टिकला त्या ओव्स्यांकिना फारशा कुणाला माहीत नाहीत. विज्ञानातही असं चालतं.

सिनेमाच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. मालिकेचा पुढचा भाग उद्या समोर येतो. मन ओढ घेतं, उद्या ती पुरी होते. सिनेमाचा पुढचा भाग दोन वर्षांनी येणार असेल तर हात जाणार कशाकडे? ओढीला समोर वस्तू लागते, आणि पुढचा भाग येईपर्यंत गोष्ट लक्षात राहील याची हमी तर 2025 मध्येच गेली.

आता त्या दोरीकडे येऊ.

थरारक दृश्य पाहताना डोक्यात काय होतं ते अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 मध्ये दाखवलं. लोकांना स्कॅनरमध्ये निजवून रहस्यपटांतले तुकडे दाखवले, आणि चित्राच्या चारी बाजूंनी लुकलुकणारी चौकटींची नक्षी ठेवली. ताण चढला की दृष्टीच्या कडेचं सांभाळणारा मेंदूचा भाग मंदावला आणि मधलं पाहणारा भाग तरतरला. म्हणजे पॉपकॉर्नचा पुडा लवंडला तरी कळत नाही हे खरंच आहे. त्या क्षणी कडेचं जग मेंदूने बारीक करून टाकलेलं असतं.

हा ताण नुसता डोक्यात नसतो. नाडी वाढते, तळवे घामेजतात. डॉल्फ झिलमन या माध्यम-मानसशास्त्रज्ञाने 1970च्या दशकात असं मांडलं की ही शारीरिक उत्तेजना प्रसंग संपल्याबरोबर उतरत नाही. ती काही मिनिटं मागे उरते आणि पुढे जी भावना येईल तिला जोर देते. नायक वाचला की आनंद दुप्पट होतो तो त्यामुळे. आधीच्या भीतीची शिल्लक आनंदाच्या खात्यात जमा होते. पण नायक वाचलाही नाही, मेलाही नाही, नुसताच पडदा काळा झाला, तर ती शिल्लक कुठे जाणार? माझं स्वतःचं उत्तर असं की ती पार्किंगमध्ये जाते. त्या दुपारी मागच्या गाडीवाल्याने एकच हॉर्न दिला होता, आणि मी त्याला जे बोललो ते एका हॉर्नच्या मानाने फार होतं.

इथे आपल्या इंटरव्हलचं कौतुक केलंच पाहिजे. परदेशी सिनेमा बहुधा सलग चालतो. आपला सिनेमा बरोबर मध्यावर जीव टांगतो, बाहेर पाठवतो आणि समोसा संपायच्या आत परत बोलावतो. दहा-पंधरा मिनिटं. अंगातली धडधड पुरती विझलेली नसते आणि पुढचा भाग खरोखर समोर असतो. झिलमन आणि ओव्स्यांकिना दोघांचंही समाधान व्हावं असं हे अंतर आहे. मध्येच तुटलेल्या दोरीची जागा इंटरव्हलला आहे. तिथे ती शोभते. तीच दोरी शेवटाला बांधली तर अंगातला ताण रात्रीच्या जेवणाआधीच उतरतो, आणि पुढच्या भागाच्या दिवसापर्यंत त्यातलं काहीच उरत नाही.

मग दोन वर्षं टिकतं ते काय?

याचं उत्तर आपण सगळ्यांनी मिळून एकदा दिलेलं आहे. 10 जुलै 2015 ला ‘बाहुबली’चा पहिला भाग आला, दुसरा आला 28 एप्रिल 2017 ला. मधल्या साडेसहाशेहून जास्त दिवसांत नागपुरातल्या कुठल्याही पानठेल्यावर एक प्रश्न फुकट मिळत होता: कटप्पानं बाहुबलीले काहून मारलं बे? लग्नात, लोकलमध्ये, निवडणुकीच्या गप्पांत, शाळेच्या व्हॅनमध्ये. ज्यांनी सिनेमा पाहिला नव्हता तेही विचारत होते.

तो शेवट दोरीवाल्या शेवटासारखा दिसतो, पण त्याची घडण उलटी आहे. घटना अर्धवट नाही. घटना घडून गेली आहे, तलवार पाठीत गेली आहे, माणूस मेला आहे, मारणाऱ्यानेच ते कबूल केलं आहे. उघडं आहे ते फक्त कारण. ‘आता काय होणार’ हा प्रश्न धडधडीवर जगतो, आणि ‘असं का झालं’ हा कुतूहलावर. कुतूहल जास्त चिवट असतं.

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी 1994 मध्ये कुतूहलाची जी मांडणी केली ती साधी आहे. आपल्याला जे माहीत आहे आणि जे माहीत हवं आहे, या दोहोंत फट दिसली की ती खुपायला लागते. अट एवढीच की फट दिसली पाहिजे. ज्याला काहीच माहीत नाही त्याला काहीच खुपत नाही, आणि सगळं माहीत असलेल्यालाही नाही. 2009 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका गटाने लोकांना स्कॅनरमध्ये सामान्यज्ञानाचे 40 प्रश्न दाखवले. कुतूहल सगळ्यात जास्त कधी होतं, तर उत्तराचा थोडा अंदाज आहे पण खात्री नाही अशा वेळी. त्या क्षणी मेंदूतला बक्षिसाच्या अपेक्षेने जागा होणारा भाग चेतत होता. जास्त कुतूहलाच्या प्रश्नांची उत्तरं नंतरही अधिक लक्षात राहिली.

कटप्पाच्या प्रश्नाला हे सगळं लागू होतं. सगळ्यांना अंदाज होता, खात्री कुणालाच नव्हती. राजमाता, सिंहासन, शपथ, चुलत भाऊ: कारण जुळवायचं सामान पहिल्या भागात पसरून ठेवलेलं होतं. त्यामुळे प्रत्येक ठेल्यावर एक पुरवणी कथा तयार झाली. 1980 सालच्या ‘स्टार वॉर्स’ मालिकेतल्या ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ने असंच केलं होतं. खलनायक नायकाला ‘मी तुझा बाप आहे’ म्हणतो आणि प्रेक्षक तीन वर्षं, 1983 पर्यंत, तो खरं बोलला की खोटं यावर वाद घालत बसले. तिथेही घाव घालून झाला होता. उघडी होती ती शंका.

आणि या सगळ्यांच्या कितीतरी आधी आपल्याकडे वेताळ होऊन गेला. वेताळ पंचविशीतली प्रत्येक गोष्ट संपते. नुसती संपत नाही, संपल्यावर वेताळ विक्रमाला प्रश्न विचारतो की यात दोष कुणाचा, खरा पती कोण. माहीत असून बोलला नाहीस तर डोक्याची शकलं होतील. राजा बोलतो आणि वेताळ परत झाडावर. गोष्टीतलं माणूस मध्येच हवेत लटकवून वेताळ कधी गेला नाही. लटकायचं ते तो स्वतः लटकला.

शेवट नासला की सगळं का नासल्यासारखं वाटतं, याचाही हिशेब आहे. 1993 मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांनी लोकांना 14 अंशांच्या गार पाण्यात हात बुडवायला लावला. एकदा 60 सेकंद. एकदा तेच 60 सेकंद आणि वर आणखी 30, पण त्या 30 सेकंदांत पाणी हळूहळू 15 अंशांवर आणलं. यातलं पुन्हा काय कराल असं विचारल्यावर 32 पैकी 22 जणांनी लांबलेलाच प्रयोग निवडला. त्रास जास्त वेळ, पण शेवट जरा बरा. आठवण सरासरी काढत नाही, तीव्र क्षण आणि शेवट एवढंच तोलते. पावणेतीन तासांतले अडीच तास चांगले होते हे माझ्या भाच्याला मी आठवून दिलं तेव्हा कुठे त्याने मान्य केलं.

एक गोष्ट मात्र निर्मात्यांच्या हातात आहे आणि ती फुकटची आहे: तारीख. 2011 मध्ये मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की अपुरं राहिलेलं काम दुसरं काही वाचतानाही डोक्यात लुडबुड करतं, पण ते कधी आणि कसं करायचं याची नेमकी योजना आखली की लुडबुड थांबते. काम पुरं करावं लागत नाही, योजना पुरते. ‘लवकरच’ ही योजना नव्हे. ‘पुढच्या दिवाळीत’ ही योजना आहे. ‘अ‍ॅव्हेंजर्स’वाल्यांनी एप्रिल 2018 मध्ये अर्धं विश्व राख करून टाकलं तेव्हा पुढचा भाग बरोबर वर्षभराने येणार हे आधीच जाहीर होतं. लोक रडले, पण शिव्या देत बाहेर आल्याचं मला आठवत नाही. शिवाय तिथेही खलनायकाचं काम पुरं झालं होतं. तो तर निवांत सूर्यास्त बघत बसला होता.

म्हणून मालिकेतल्या सिनेमाने जीव टांगणीला लावू नये असं मी म्हणणार नाही. प्रश्न उघडा ठेवा, दोरी उघडी ठेवू नका, एवढंच माझं मागणं.

त्या दुपारी परत येताना आम्ही धरमपेठेत आमच्या नेहमीच्या पानठेल्यावर थांबलो. ठेलेवाल्याने विचारलं, “कसा होता पिक्चर?” भाचा उत्साहाने सांगायला लागला. एक पूल असतो, नाही, त्याच्या आधी एक डायरी असते, ती कोणाची तर, थांबा, आधी त्याचा भाऊ सांगतो. चुना लावून झाला, सुपारी पडली, पान गुंडाळून झालं, तरी भाचा अजून डायरीतच होता.

“मंग अटकलं कुठं?” ठेलेवाल्याने विचारलं.

“दोरीवर.”

“बरं,” तो म्हणाला आणि सुटे पैसे मोजू लागला.