रेशीम मार्गावरील शहरांचे वास्तुदर्शन : समरकंद, बुखारा, खीवा

समरकंद, बुखारा आणि खीवा ही आजच्या उझबेकिस्तानातली तीन व्यापारी शहरे. इस्लामी स्थापत्यासाठी ती बहुधा एकाच दौऱ्यात पाहिली जातात. पहिली दोन झरफशान नदीच्या खोऱ्यात, तर खीवा आमूदर्याच्या खालच्या अंगाला, ख्वारिझ्म प्रदेशात आहे. खीव्याची तटबंद ‘इचान कला’ (आतले जुने शहर) १९९० मध्ये, जुना बुखारा १९९३ मध्ये आणि समरकंद २००१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले.

बहुतेक सहलींत ताश्कंदहून आधी समरकंद उरकतात. हा क्रम चुकीचा आहे. समरकंदचा भव्य रेगिस्तान चौक पाहून आलेल्याला खीवा खेळण्यातला वाटतो आणि बुखाऱ्याची बिनझिलईची वीट डोळ्यांत भरतच नाही. त्यापेक्षा ताश्कंदहून विमानाने उर्गेंच, तिथून तासाभराच्या आत खीवा (२ रात्री), मग रेल्वेने किझिलकुम वाळवंट ओलांडून बुखारा (३ रात्री), शेवटी समरकंद (२ ते ३ रात्री) आणि परत ताश्कंद. खीवा ते बुखारा सुमारे ४५० कि.मी. आहे आणि साध्या गाडीला सहा-सात तास लागतात. बुखारा ते समरकंद हे सुमारे २७० कि.मी. अंतर कापायला उंटांच्या तांड्याला आठवडा लागे. याच वाटेवर नवोई शहराजवळ अकराव्या शतकातल्या रबाती मलिक सराईची विटांची देवडी उभी आहे आणि रस्त्यापलीकडे ‘सरदोबा’, म्हणजे घुमटाखाली झाकलेले पाण्याचे टाके. मुक्काम कुठे पडायचा हे पाण्याने ठरे, ते इथे समजते. आगगाडीतून ही जागा पाहता येत नाही. त्यासाठी हा टप्पा मोटारीने करावा लागतो.

नावे वाचताना

मराठी वाचकाला इथल्या नावांची अर्धी ओळख आधीच असते. फारसीतला दीर्घ ‘आ’ उझबेक उच्चारात ‘ओ’कडे झुकतो, एवढे ध्यानात ठेवले की पुरे. ‘तोकी सर्रोफोन’ म्हणजे सराफांचा घुमट, ‘मागोकी अत्तोरी’ म्हणजे अत्तारांच्या पेठेतली मशीद आणि १८०७ ची ‘चोर मिनोर’ म्हणजे सरळ चार मिनार. चोरांचा तिथे काही संबंध नाही. ‘लाबी हौज’ म्हणजे हौदाचा काठ. सोळाव्या शतकातल्या ‘तोकी’ या चौरस्त्यांवर बांधलेल्या घुमटी बाजारपेठा: जरगर (सोनार), टोपीवाले आणि सराफ यांचा एकेक घुमट अजून उभा आहे. रस्ता घुमटाखालून जातो, दुकाने भिंतींच्या कोनाड्यांत असतात आणि हवा वरच्या झरोक्यांतून खेळते. बाहेर भाजून निघत असताना आत लक्षणीय गार वाटते. बुखाऱ्यातल्या सराफी व्यवहारात मुलतानी आणि शिकारपुरी हिंदू व्यापाऱ्यांचा मोठा वाटा होता; त्यांच्या वेगळ्या सराया तिथे होत्या.

वीट आणि झिलई

या प्रदेशात इमारतीजोगा दगड कमी, त्यामुळे सगळा कारभार विटेचा. बुखाऱ्यातील सामानी मकबरा (दहाव्या शतकाचा आरंभ) हा त्याचा पहिला धडा. जेमतेम १० मीटर बाजूचा ठोकळा, चारी बाजूंना कमानी, भिंती वर जाताना किंचित आत झुकलेल्या. झिलई कुठेच नाही. सगळी नक्षी विटा आडव्या, उभ्या, तिरक्या बसवून केलेली, टोपलीच्या विणीसारखी. सकाळी आठच्या सुमारास तिरपे ऊन पडते तेव्हा प्रत्येक विटेची सावली शेजारच्या विटेवर येते आणि भिंत विणलेली दिसते. भर दुपारी तीच भिंत सपाट, पिवळट दिसते. आत गेल्यावर कोपऱ्यांकडे पाहावे. चौकोनाच्या चार कोपऱ्यांत कमानी टाकून अष्टकोन केला आहे, त्यावर सोळा बाजू आणि मग घुमट. चौरस खोलीवर गोल घुमट कसा बसवायचा, याचे उत्तर इतके उघडे क्वचितच दिसते.

बुखाऱ्याचाच ११२७ चा कल्यान मिनार सुमारे ४६ मीटर उंच आहे. त्यावर विटांच्या नक्षीचे पट्टे एकावर एक आहेत आणि एकाची नक्षी दुसऱ्यासारखी नाही. माथ्यावरच्या सोळा कमानींच्या सज्जाखाली निळ्या झिलईचा अरुंद पट्टा आहे. पुढे सगळ्या मध्य आशियाला व्यापणाऱ्या निळाईची ही सुरुवातीची चुणूक. दुर्बीण असेल तर इथे काढावी.

निळा रंग आला कुठून? वाळवंटी झुडपांच्या राखेतला क्षार काचेत मिसळून झिलई करत. अशा क्षारी झिलईत तांबे टाकले की फिरोजी छटा येते आणि कोबाल्टने गडद निळी. शिसे घातलेल्या झिलईत तेच तांबे हिरवे होते. क्षारी झिलईची खोड अशी, की ती आणि खालची भाजलेली माती सारख्या प्रमाणात आकुंचन पावत नाहीत, म्हणून बारीक भेगा पडतात, त्यांतून पाणी शिरते आणि पापुद्रा सुटतो.

झिलईकामाचे तीन प्रकार ओळखता आले तर इमारतीचा काळ अंदाजाने सांगता येतो. साध्या विटांत झिलईच्या विटा घालून कोनदार अक्षरे काढणे म्हणजे ‘बन्नाई’. ते लांबून वाचायचे काम. ‘काशी’ जडावात एकेका रंगाचे तुकडे कापून पालथे मांडतात आणि मागून गच (जिप्सम) ओततात. जिथे रंग बदलतो तिथे सांधा दिसतो. ‘हफ्तरंगी’त मात्र एकाच फरशीवर अनेक रंग एकदम भाजलेले असतात. फुलाच्या पाकळीमधून फरशीचा सरळ सांधा गेला असेल तर ते हफ्तरंगी. ते स्वस्त आणि झटपट, म्हणून सतराव्या शतकात त्याचा सुकाळ झाला. तीनही प्रकार, शिवाय खोल कोरून झिलई दिलेली भाजकी माती, एकाच गल्लीत पाहायची तर समरकंदचे शाही जिंदा, म्हणजे मकबऱ्यांची रांग. तिथला शादी मुल्क आका मकबरा (१३७२) घाईने सोडू नये.

ऊन आणि वेळ

समरकंदच्या रेगिस्तानात तीन मदरसे समोरासमोर आहेत. पश्चिमेचा उलुगबेग मदरसा (१४१७–२०) पूर्वाभिमुख, त्याला सकाळचे ऊन. समोरचा शेरदोर (१६१९–३६) पश्चिमाभिमुख, त्याला दुपारनंतरचे. कमानीवरचे वाघ आणि त्यांच्या पाठीवरचे चेहऱ्याचे सूर्य चारनंतर उजळतात. मधला तिल्याकोरी (१६४६–६०) दक्षिणाभिमुख. त्याच्या मशिदीचे सोनेरी छत खालून घुमटासारखे वाटते, पण प्रत्यक्षात सपाट आहे. म्हणजे चौकात दोनदा यावे लागते. तिकीट पुन्हा काढावे लागेल का, हे आधीच विचारून घ्यावे. बुखाऱ्यातही तसेच: कल्यान मशीद सकाळी, समोरचा मीर-इ-अरब मदरसा संध्याकाळी. तो अजून चालू असल्याने पर्यटकाला देवडीपुढे जाता येत नाही.

हंगाम एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर. जूनच्या अखेरीपासून चाळीस दिवसांच्या उन्हाळ्याला तिथे ‘चिल्ला’ म्हणतात. पारा ४० अंशांवर जातो आणि खीव्याच्या गल्ल्यांत दुपारी सावली मिळत नाही.

जुने किती, नवे किती

चकचकीत दिसते ते सगळे तैमूरच्या काळचे नाही. समरकंदची बीबी खानम मशीद त्याने दिल्लीच्या स्वारीनंतर १३९९ ते १४०४ मध्ये घाईने उभारली. कमानीचा आवाका विटेला पेलवेल त्याहून मोठा होता. पडझड लवकरच सुरू झाली आणि १८९७ च्या भूकंपात ती आणखी ढासळली. आजचे मोठे घुमट सोव्हिएत काळापासूनच्या पुनर्बांधणीचे आहेत. उलुगबेग मदरशाचा कललेला मिनार १९३२ मध्ये अभियंता शुखोव्ह यांच्या योजनेने सरळ केला. तैमूरचे जन्मगाव शहरिसब्ज इथे पर्यटनासाठी जुनी वस्ती पाडून बागा केल्या, त्यामुळे २०१६ मध्ये ते धोक्यातील वारशाच्या यादीत गेले. तिथल्या आक सराय या तैमूरच्या राजवाड्याचे देवडीचे खांब तेवढ्यासाठीही पाहण्याजोगे आहेत, पण गाव हरवले आहे.

भिंतींचा खरा शत्रू खालून येतो. कालव्यांच्या सिंचनाने भूजल वर आले, ते खारट. वीट ते शोषून घेते, पाणी उडून जाते आणि मिठाचे खडे विटेचा भुगा करतात. म्हणून पायथ्यापासून मीटरभर पांढरी रेघ दिसते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा केला की ओल आणखी वर चढते. जुने गवंडी पायावर वेताच्या चटयांचा थर देत, तो याच कारणासाठी. खीव्याच्या जुमा मशिदीचे दोनशेहून अधिक लाकडी खांब दगडी बैठकींवर उभे आहेत, हेही वाकून पाहावे.

अडचणी

वेगवान ‘अफ्रोसियोब’ गाडी ताश्कंद–समरकंद अंतर दोन तासांपेक्षा थोड्या जास्त वेळात आणि बुखारा सुमारे चार तासांत गाठते. हंगामात तिकिटे विक्रीला येताच संपतात. तिकिटावरचे नाव पासपोर्टशी अक्षरशः जुळले पाहिजे. भारतीयांना ई-व्हिसा मिळतो. हॉटेल परदेशी पाहुण्याची नोंदणी करते, तिची पावती देश सोडेपर्यंत जपावी. ओळखीच्या घरी राहिल्यास ही नोंद राहून जाते. कोडीन असलेले खोकल्याचे औषध, ट्रामाडॉल किंवा झोपेच्या गोळ्या नेत असल्यास डॉक्टरांची चिठ्ठी हवी आणि कस्टमला आधी सांगावे. पन्नास वर्षांहून जुनी वस्तू प्रमाणपत्राविना बाहेर नेता येत नाही. ‘आजीच्या वेळची सुझनी’ म्हणून मिळणारी भरतकामाची चादर बहुधा तितकी जुनी नसते, पण विमानतळावर वाद घालायची वेळ येऊ नये म्हणून पावती घ्यावी.

शाकाहारींनी ‘गोश्तसिज’ (मांसाशिवाय) हा शब्द पाठ करावा, मात्र रस्सा मांसाच्या पाण्यात केलेला असतो आणि भातात दुंब्याची चरबी. भोपळ्याचा समोसा, नान, दही आणि टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर यांवर निभावते. समोशातही चरबी असू शकते, विचारावे.

याच परंपरेची एक फांदी दख्खनपर्यंत आली. इराणातल्या गिलानहून आलेला बहमनी वजीर महमूद गावान याने १४७२ मध्ये बीदरला मदरसा बांधला, तो इराणी-तुराणी धर्तीचा: मध्ये चौक, तीन मजले, कोपऱ्यांत मिनार आणि दर्शनी भिंतीवर झिलईची काशी. औरंगजेबाच्या काळात आत ठेवलेल्या बंदुकीच्या दारूचा स्फोट होऊन दर्शनी भागाचा मोठा तुकडा आणि एक मिनार उडाला. उरलेल्या भिंतीवर जिथे झिलई निखळली आहे, तिथे तुकड्यांखालचा चुन्याचा गिलावा उघडा पडलेला आहे. लातूर-उदगीरकडून जाणाऱ्याला तो एका दिवसात पाहून परतता येतो.