चाळीस कॉलम की ऐंशी? कमोडोर ६४ वरच्या टर्मिनल प्रोग्रामांची पार्श्वभूमी

कमोडोर ६४ या जुन्या घरगुती संगणकासाठी टर्मिनल प्रोग्राम, म्हणजे मोडेमवरून दुसऱ्या संगणकाशी जोडून घेणारा प्रोग्राम, कोणता घ्यावा, हा प्रश्न वायफाय मोडेममुळे (फोन लाइनऐवजी वायफायवरून इंटरनेटशी जोडणाऱ्या उपकरणामुळे) पुन्हा वर आला आहे. मिळणारी उत्तरं मात्र बरीचशी ऐंशीच्या दशकातलीच असतात, आणि त्यांमागची काही कारणं आता उरलेलीच नाहीत.

मशीन १९८२ चं. मजकुराचा पडदा ४० कॉलम (म्हणजे एका ओळीत ४० अक्षरं), २५ ओळी. त्याआधीच, १९७८ मध्ये, व्हीटी-१०० हा टर्मिनल, म्हणजे मोठ्या संगणकाला जोडायचा पडदा आणि कीबोर्ड, आला होता, ८० कॉलम आणि २४ ओळींचा. विद्यापीठांतले मोठे संगणक पलीकडे असलंच काहीतरी आहे असं धरून चालत. साधी पत्रं वाचायला ४० कॉलम पुरत. लांब ओळ मोडून खाली यायची, एवढंच. पण पलीकडचा एडिटर ‘साठाव्या कॉलमवर जा’ म्हणाला, की हा कॉलमच इथे नाही आणि सगळा पडदा विस्कटतो.

त्यावर तोड निघाली ती बिटमॅपची, म्हणजे अक्षरं ठिपक्या-ठिपक्याने चितारण्याची. आडव्या ३२० ठिपक्यांत ८० अक्षरं बसवायची म्हणजे एकेका अक्षराच्या वाट्याला चार ठिपके. त्यातला एक मोकळी जागा म्हणून सोडला की उरले तीन, आणि तीन ठिपक्यांत इंग्रजी ‘एम’ काढून दाखवणं हे धाडसच. घरच्या टीव्हीवर तर तो अंदाजानेच वाचायचा. शिवाय मजकुराच्या पडद्याला १,००० बाइट लागतात, बिटमॅपला ८,०००. दर ओळीला हे सगळे बाइट वर सरकवायचे, तेही सुमारे एक मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरने. वेगवान मोडेम घेऊनही पडदा मागेच राहायचा. रंगांचं दुखणं वेगळंच: या पद्धतीत आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटीला दोनच रंग मिळतात, आणि चौकटीत अक्षरं दोन. शेजाऱ्याचा रंग आपल्याला लागायचा.

तरीही वैशिष्ट्यांच्या यादीत ‘८० कॉलम’ दिसलं की तो प्रोग्राम सरस, असा समज रुजला. मला तो तेव्हाच्या वापराशी विसंगत वाटतो. घरून फोन लावणारे बरेच जण विद्यापीठाला नव्हे, दुसऱ्या कमोडोरवर चालणाऱ्या बुलेटिन बोर्डाला (फोनवरून जोडून निरोप आणि फायली देवघेव करायच्या जागेला) लावत. तिथली भाषा पेट्स्की, म्हणजे कमोडोरचा स्वतःचा अक्षरसंच: सोळा रंग, चित्रखुणा, आणि सगळी मांडणी ४० कॉलमांच्या मापाची. सीसीजीएमएस हा प्रोग्राम याच जगाचा. तो ४० कॉलमांतच राहिला, पंटर आणि एक्समोडेम या दोन्ही पद्धतींनी फायली आणू लागला, आणि लोकांनी तोच डोक्यावर घेतला. नोव्हाटर्मने अधिक पसारा मांडला. ८० कॉलम, व्हीटी आणि आन्सी असे अनेक अवतार त्यात होते. खरे ८० कॉलम हवे असतील तर १९८५ च्या कमोडोर १२८ मध्ये त्यासाठी वेगळी चिपच होती, आणि डेसटर्म तिचा पुरेपूर उपयोग करी. मॉनिटर मात्र तसा हवा.

‘आन्सी चालतं’ या दाव्यावरही फार विसंबू नये. बुलेटिन बोर्डांवर आन्सी म्हणजे पीसीचे रंग आणि चौकटींची चिन्हं. व्हीटी-१०० च्या आज्ञा त्याला जवळच्या असल्या तरी त्याच नव्हेत.

आपल्याकडे सर्वसामान्यांना व्हीटी-१०० ची ओळख झाली ती बऱ्याच उशिरा. १५ ऑगस्ट १९९५ नंतर मुंबईत इंटरनेट मिळू लागलं, तेव्हा विद्यार्थ्यांना परवडणारं शेल खातं (नुसत्या मजकुराच्या आज्ञांवर चालणारं) पीसीवरच्या टर्मिनल प्रोग्राममधूनच उघडायचं. तिथे ८० कॉलम होतेच, त्यामुळे हा वाद आपल्या कानावर आलाच नाही.

आज निवड आधी जोडणीवरून ठरते. या संगणकात सिरियलसाठी (मोडेमशी एकामागून एक बिट देवघेव करण्यासाठी) वेगळी चिप नाही. रॉममधल्या पद्धतीने प्रोसेसरच एकेक बिट मोजतो. १२०० बॉडपर्यंत (सेकंदाला सुमारे तेवढे बिट) ते निभावतं, २४०० ला हिशेब जुळवून घ्यावा लागतो. पुढे यूपी९६०० या युक्तीने यूजर पोर्टवर (मोडेम जोडायच्या मागच्या खाचेवर) ९६०० मिळू लागले, आणि स्विफ्टलिंक काडतुसाने ३८,४०० पर्यंत मजल गेली. प्रोग्राममध्ये यांचा ड्रायव्हर (ती जोडणी चालवणारा भाग) नसेल तर कॉलम मोजून उपयोग नाही. सीसीजीएमएसच्या सुधारित आवृत्त्यांत हे ड्रायव्हर आहेत. नोव्हाटर्मवरून बेतलेला स्ट्राइकटर्म लिनक्सच्या शेलसाठी बरा, पण टेलनेटवर, म्हणजे इंटरनेटवरून, अजून चालू असलेले पेट्स्की बोर्ड हवे असतील तर सीसीजीएमएसच घ्यावा.

वायफाय मोडेम आज्ञा घेतो त्या १९८१ च्या स्मार्टमोडेमपासूनच्या ‘एटी’ मालिकेतल्याच. ‘एटीडीटी’नंतर फोन नंबराच्या जागी पत्ता आणि पोर्ट द्यायचा, इतकाच फरक. त्यामुळे १९८६ च्या फ्लॉपीवरचा प्रोग्रामही त्याला चालतो. फक्त मोडेमचा वेग आधी १२०० वर आणून ठेवावा, नाहीतर पडद्यावर कचराच उमटतो.