पीएफमधले १०३ कोटी आणि डेन्मार्कमधला हिशोब

२०२१ च्या बजेटनंतर पेपरात एक आकडा आला होता, सरकारी सूत्रांच्या हवाल्याने. देशात एका माणसाच्या पीएफ खात्यात १०३ कोटींहून जास्त रक्कम पडून आहे, आणि वरच्या २० जणांची मिळून साधारण ८२५ कोटी. पीएफ म्हणजे तोच आपला, ज्यातून लोक मुलीच्या लग्नाला, घराच्या डाउन पेमेंटला पैसे काढतात.

आता यावर जरा गणित करून बघा. त्या वर्षी पीएफचं व्याज ८.५ टक्के होतं. १०३ कोटींवर झाले पावणेनऊ कोटींच्या आसपास, ते पण एका वर्षाचे आणि पूर्ण टॅक्स फ्री. एवढं कमावणारा माणूस वरच्या स्लॅबमध्ये असणारच, तेव्हा सरचार्ज (मोठ्या कमाईवर टॅक्सच्या वर लागणारा जादा टॅक्स) आणि सेस धरून तो रेट होता ४२.७४ टक्के. म्हणजे हेच पैसे त्याने साध्या एफडीत ठेवून तेवढंच व्याज मिळवलं असतं तर पावणेचार कोटींच्या घरात टॅक्स भरावा लागला असता, तो वाचला. यात बेकायदेशीर काहीच नाही हं, नियमानेच सगळं. बेसिकच्या १२ टक्के कापले जातात त्याच्या वर आपल्या मर्जीने अजून टाकता येतात (व्हीपीएफ), पूर्ण बेसिक टाकलं तरी चालतं, आणि ज्याचं घर पगाराला हात न लावता चालतं तो टाकणारच ना.

सबसिडी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर रेशनचं दुकान आणि गॅस सिलिंडर येतो. पण टॅक्समधली सूट ही पण सबसिडीच असते, फक्त ती कोणाच्या खात्यात जमा होताना दिसत नाही. अमेरिकेच्या ट्रेझरीत स्टॅन्ली सरे नावाचे अधिकारी होते, त्यांनी १९६० च्या दशकात हे ठासून मांडलं की सूट म्हणजे सरकारने केलेला खर्चच आहे, तर तो खर्चाच्या हिशोबात दाखवा. आपल्याकडे २००६-०७ च्या बजेटपासून सवलतींमुळे किती महसूल बुडतो याचं पत्रक बजेटसोबत येतं, वाचतं कोण हा प्रश्न वेगळा.

सरेंचा मुद्दा आपल्या ८०सी ला (ठरावीक गुंतवणुकीवर टॅक्स सूट देणारं कलम) लावून बघा. जुन्या रेजिममध्ये (म्हणजे सवलतींवाल्या जुन्या टॅक्स पद्धतीत) दीड लाख गुंतवले तर २० लाख पगारवाल्याचे ४६,८०० रुपये वाचतात, ८ लाखवाल्याचे ३१,२००, आणि कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या मावशींनी पोटाला चिमटा काढून पीपीएफमध्ये (नोकरी नसली तरी उघडता येणारं सरकारी बचत खातं) टाकले तर शून्य, कारण त्यांचा टॅक्सच लागत नाही तर वाचणार काय. हीच गोष्ट योजना म्हणून आणली असती, की श्रीमंताला ४६,८०० चा चेक आणि मावशींना नमस्कार, तर लोकसभेत एक मत मिळालं नसतं. अरविंद सुब्रमणियन मुख्य आर्थिक सल्लागार असताना २०१५-१६ च्या आर्थिक सर्वेक्षणात यावर एक आख्खं प्रकरण होतं: सोनं, वीज, गॅस, विमानाचं इंधन, पीपीएफ वगैरे मिळून खात्यापित्या लोकांना वर्षाला १ लाख कोटींच्या वर फायदा जातो असा त्यांचा अंदाज. आणि सर्वेक्षण म्हणजे सरकारचंच कागदपत्र बरं का, विरोधी पक्षाचं पत्रक नव्हे.

यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं असतं, की सूट काढली तर लोक बचत करायचंच सोडून देतील. ऐकायला पटतं. पण हे तपासता येतं, आणि डेन्मार्कमध्ये ते नीट तपासलं गेलंय. तिथे १९९९ मध्ये सरकारने एका प्रकारच्या पेन्शन खात्यावरची सूट कमी केली, आणि ती फक्त वरच्या टॅक्स स्लॅबमधल्या लोकांसाठी. संशोधकांना अजून काय पाहिजे! स्लॅबच्या रेषेच्या थोडं वर असलेले आणि थोडं खाली असलेले लोक बाकी सगळ्या बाबतीत जवळपास सारखेच, फरक एवढाच की एकांची सूट गेली, दुसऱ्यांची राहिली. शिवाय डेन्मार्कमध्ये प्रत्येकाची कमाई, बचत, खाती सगळ्याची सरकारी नोंद असते. राज चेट्टी (जन्म दिल्लीचा, करिअर अमेरिकेत) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ४ कोटींहून जास्त नोंदी तपासल्या आणि २०१४ मध्ये निष्कर्ष छापले.

निघालं काय, तर साधारण ८५ टक्के लोक अशा सवलतींकडे बघतच नाहीत, सूट वाढो की घटो त्यांचा हप्ता आहे तसा चालू. उरलेले १५ टक्के जागरूक, ते लगेच हलतात, पण ते नवीन बचत करत नाहीत, एका खात्यातून काढून दुसऱ्या खात्यात टाकतात. सरकारने सवलतीवर १ रुपया घालवला तर देशाची एकूण बचत वाढते फक्त १ पैशाने (त्यांच्या पेपरात डॉलर आणि सेंट आहेत, प्रमाण तेच). याउलट कंपनी बदलली आणि नवीन कंपनी पगारातून आपोआप जास्त कापायला लागली, तर त्यातला बहुतेक पैसा खरोखरची जादा बचत ठरला, कारण ते ८५ टक्के लोक तिथेही काही करत नाहीत.

डेन्मार्क म्हणजे भारत नाही हे मान्य, आपल्याकडे बहुसंख्य लोकांना पेन्शनच नाही. पण मला तरी यातून पीएफचं कोडं सुटल्यासारखं वाटतं. पगारातून सक्तीने कापले जाणारे १२ टक्के, हे खरं काम करतात, ते नसते तर बऱ्याच लोकांकडे रिटायर होताना फारसं काही उरलं नसतं. मर्जीने वर टाकलेले कोट्यवधी मात्र तसेही कुठेतरी गुंतवले गेलेच असते, त्यावरची सूट म्हणजे सरकारने उगाच दिलेलं बक्षीस.

२०२१ मध्ये सरकारने नेमकी इथेच कात्री लावली. कर्मचाऱ्याचा स्वतःचा वाटा वर्षाला अडीच लाखांच्या वर गेला तर वरच्या रकमेच्या व्याजावर टॅक्स (कंपनीचा वाटा नसेल तर मर्यादा ५ लाख). तेव्हा मध्यमवर्ग मारला म्हणून केवढी ओरड झाली होती, व्हॉट्सॲपवर तर विचारू नका! पण हिशोब करा, १२ टक्क्यांनी अडीच लाख व्हायला महिन्याचं बेसिकच पावणेदोन लाखांच्या आसपास पाहिजे, नुसतं बेसिक, एचआरए वगैरे सोडून. असे मध्यमवर्गीय मला पण भेटायला आवडतील. आणि ज्यांच्यासाठी नियम आणला त्यांची जुनी थैली तशीच राहिली, ३१ मार्च २०२१ पर्यंतची शिल्लक आणि तिच्यावर पुढे मिळणारं व्याज दोन्ही करमुक्त. मागच्या तारखेपासून नियम बदलू नये हे तत्त्व म्हणून ठीक, पण १०३ कोटींवाल्याला त्याने फारसं काही झालं नाही.

दुसरं म्हणजे ते जागरूक १५ टक्के, एक दार बंद झालं की ते दुसरीकडे वळतात. त्याच बजेटमध्ये वर्षाला अडीच लाखांच्या वर प्रीमियम असलेल्या युलिपवर (विमा आणि शेअर बाजारातली गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी) टॅक्स आला, पण साध्या पारंपरिक विमा पॉलिसीला हात लावला नाही, म्हणजे तिथे कितीही मोठा प्रीमियम भरा, मॅच्युरिटी करमुक्तच. ते दार बंद व्हायला २०२३ उजाडलं, वर्षाला ५ लाखांच्या वरच्या प्रीमियमला सूट नाही असं झालं. शेअर्स किंवा प्लॉट विकून घर घेतलं की नफ्यावर मिळणाऱ्या सुटीलाही तेव्हाच १० कोटींची मर्यादा आली, त्याआधी मर्यादाच नव्हती, कितीही महागडा बंगला घ्या. एकेक दार वेगवेगळ्या वर्षी बंद केलं की सीएला पुढचं दार शोधायला भरपूर वेळ मिळतो, त्यापेक्षा सगळ्या गुंतवणुकींवर माणशी एकच मर्यादा ठेवली तर इकडून तिकडे हलवण्यात काही अर्थ राहणार नाही असं माझं मत.

आणि गंमत म्हणजे २०२३ च्या त्याच बजेटने नवीन रेजिममध्ये ५ कोटींच्या वर कमावणाऱ्यांचा सरचार्ज ३७ वरून २५ टक्क्यांवर आणला, म्हणजे वरचा रेट ४२.७४ वरून ३९.