माळवदी वाड्याचे नूतनीकरण (सोलापूर)

सोलापुरातला उत्तर व दक्षिण कसबा, बाळीवेशीचा परिसर आणि जिल्ह्यातली पंढरपूर, अक्कलकोट, बार्शी ही गावे. या भागांत लाकडी खांब-तुळयांवर उभे असलेले जुने वाडे अजून नांदते आहेत. मूळ सांगाडा व छप्पर कायम ठेवून असा वाडा आजच्या राहणीला साजेसा करणे म्हणजे माळवदी वाड्याचे नूतनीकरण. पुण्या-कोकणात जुने घर दुरुस्त करायचे म्हटले की आधी कौले आणि वासे आठवतात. सोलापूरकडे पाऊस बेताचा आणि ऊन उदंड, म्हणून छप्पर सपाट, मातीचे; त्यालाच माळवद किंवा धाबे म्हणतात. दुरुस्तीची सुरुवातही तिथूनच करावी लागते.

असे घर खणांत, म्हणजे खांबांमधल्या जागांत, मोजतात. खांब दगडी तळखड्यावर उभा, त्याच्या माथ्यावर हस्त, म्हणजे तुळईला टेकण देणारा लाकडी तुकडा; हस्तावर तुळई आणि तुळयांवर कड्या, म्हणजे आडवी बारीक लाकडे. घरमालकाची ऐपत असेल तर कड्यांवर सागवानी फळ्या, म्हणजे कडीपाट; नसेल तर लाकडाच्या चिरफळ्या आणि त्यांवर निंबाचा किंवा तरवडाचा पाला. त्यावर चिखलाचा थर, आणि सर्वांत वर पांढरी माती. शहरातल्या सावकारी वाड्यांना सागवान, खेड्यातल्या घरांना बाभूळ नि कडुनिंब. सांधे खिळ्यांचे नसून कुसू, म्हणजे लाकडाचे कोरलेले टोक, खाचेत बसवून केलेले असतात. भिंती दगडमातीच्या, दोन-अडीच फूट जाड, पण चांगल्या बांधलेल्या वाड्यात छपराचा बराचसा भार खांबांवर असतो. भिंत सरकली तरी खण उभा राहतो तो त्यामुळे. दिंडी दरवाजातून आत आले की ढाळज, म्हणजे दारालगतची बैठकीची ओसरी, मग चौक, सोपा, माजघर आणि मागे परस. माजघरात उजेड येतो तो माळवदाला ठेवलेल्या साण्यातून, म्हणजे झरोक्यातून.

दर्शनी दरवाजा घासूनपुसून चकचकीत केला, चार कोरीव हस्त जपले आणि वर सिमेंटचा स्लॅब टाकला, की ‘वाडा जपला’ असे आजकाल म्हटले जाते. ते खरे नव्हे. या घराचा स्वभाव खणांच्या सांगाड्यात आणि माळवदात आहे. बाहेर पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा आत मुक्काम करण्याजोगा गारवा राहतो तो या दोन गोष्टींमुळे. उन्हाळ्यात कुरडया-सांडगे वाळवायला आणि रात्री अंथरुणे टाकायला माळवदच लागते. दरवाजा काय, जुन्या लाकडाच्या वखारीतूनही मिळतो.

पांढरी माती म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेवरची, पडक्या गढीची बारीक माती. शेतातली काळी माती पाण्याने फुगते नि उन्हात भेगाळते, म्हणून ती छपरावर चालत नाही. पांढरी मात्र पहिल्या सरींबरोबर वरून बसते, आणि पुढचे पाणी उतारावरून पन्हळीतून निघून जाते. मिरगाच्या आधी माळवदावरचे गवत उपटायचे, भेगा बुजवायच्या आणि मातीच्या चार पाट्या पसरायच्या, ही दरसालची रीत. खोट आहे ती इथेच. नवी माती पडते, जुनी कोणी काढत नाही. दोन-तीन पिढ्यांत थर फूट-दीड फुटावर आणि कुठे त्याहूनही वर जातो. एक फूट जाडीची माती चौरस मीटरला साधारण अर्धा टन भरते. म्हणजे दहा बाय दहा फुटांच्या जागेवर साडेचार टन. पावसात भिजली की आणखी जड.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत जवळपास आठ हजार माणसे गेली, सोलापूर जिल्ह्यातही घरांना तडे गेले. जड माळवद आणि मातीत रचलेल्या गोल धोंड्यांच्या भिंती यांनी घात केला. खांबांचा सांगाडा शाबूत होता तिथे छप्पर पुष्कळदा वरच राहिले आणि भिंती ढासळल्या. त्यानंतर या पट्ट्यात माळवदाची धास्ती बसली, ती गेलेली नाही. लोक पत्रा आणि स्लॅबकडे वळले. धास्ती समजण्यासारखी आहे, पण दोष मातीच्या वजनाचा होता आणि वजन कमी करता येते.

त्यासाठी उन्हाळ्यात माळवद पार चिरफळ्यांपर्यंत उकरतात. माती एकाच बाजूने काढत गेल्यास सांगाडा कलतो, म्हणून दोन्ही अंगांनी थोडी थोडी उतरवायची आणि तुळयांखाली आधीच टेकू द्यायचे. कुजलेल्या कड्या बदलून वर फळ्या, त्यावर जलरोधक कागद आणि मग सहा ते आठ इंचांपेक्षा जास्त नाही इतकीच चाळलेली माती, पन्हळीकडे उतार देऊन. पैसा असेल तर मातीऐवजी चुना-विटांचा पातळ कोबा. पुढे दरसाल माती टाकताना जुनी तेवढीच खरवडून काढायची. हे घरच्यांना पटवणे बाकीच्या कामाहून अवघड जाते. भूकंपासाठी खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरपे लाकडी आधार बसवतात, त्यामुळे खण डोलत नाही. जाड भिंतीचे आतले व बाहेरचे पदर सुटू नयेत म्हणून ठरावीक अंतरावर आरपार दगड किंवा सळई घातलेले काँक्रीटचे ठोकळे घालतात. भारतीय मानक १३९३५ मध्ये अशा मजबुतीकरणाच्या पद्धती दिल्या आहेत.

लाकडात पहिल्यांदा बिघडतो तो खांबाचा पाय आणि भिंतीत शिरलेले तुळईचे टोक, कारण ओल तिथे मुरते. अख्खा खांब बदलण्याची सहसा गरज नसते. खांबावर बोटाने ठोकून पोकळ आवाज कुठवर येतो ते जाणता सुतार पाहतो, कुजका भाग कापतो आणि जुन्याच सागवानाचा तुकडा तिरप्या सांध्याने जोडतो. पाडलेल्या वाड्यांचे लाकूड वखारीत मिळते. नव्यापेक्षा ते बरे, कारण त्याचे वाळणे-वळणे होऊन गेलेले असते. ऑइलपेंटचे थर खरवडून काढून जवसाचे उकळलेले तेल चोळले की सागाचा रंग वर येतो.

भिंतींना सिमेंटचा गिलावा हा सगळीकडे होणारा अपघात. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंटने तिचे तोंड बंद होते, आतून लोणा, म्हणजे खाराचा पांढरा थर, धरतो आणि दोन-चार वर्षांत गिलाव्याचे पापुद्रे सुटतात. लाकडाची टोकेही त्याच ओलीने कुजतात. चुन्याचा किंवा मातीचा गिलावा टिकतो. संडास-बाथरूम माजघरात न घेता परसात किंवा आडाच्या बाजूला काढतात. विजेच्या तारा खांबाला भोके न पाडता कडेने नेतात.

महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली धोकादायक इमारतीची नोटीस येते तेव्हा बरेच मालक वाडा पाडूनच मोकळे होतात. नोटिशीत दुरुस्तीचाही पर्याय असू शकतो, तो वाचून पाहावा. भुईकोट किल्ल्यासारख्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही, दुरुस्तीलाही परवानगी लागते.

खरा गुंता वाटण्यांचा. भाऊबंदांत वाडा खणांनी वाटला जातो. एकजण आपल्या खणांवर स्लॅब टाकतो, दुसऱ्याकडे माळवद तसेच, आणि दोघांच्या मध्ये एकच तुळई. स्लॅबचे पाणी शेजारच्या मातीवर उतरते आणि ती तुळई वरून कुजत जाते. असे काम करायचेच असेल तर तोडण्यापूर्वी तुळईला दोन्ही बाजूंनी टेकू देतात, स्लॅबचे पाणी वेगळ्या नळाने चौकात सोडतात आणि दोन छपरांच्या सांध्यावर पत्र्याची पट्टी बसवतात.